निळी टिकली

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा नातू तीन वर्षांचा. पावसाळा लागला की त्याची छाती भरते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी हातात मावणारं वाफेचं मशीन घेतलंय.

"दादा, त्याचा चार्जर सापडत नाहीये. मोबाइलचा लावला तर चालेल ना? आणि काल पोरानं मशीन फरशीवर आपटलंय. चालू होतंय, पण आत काही बिघडलं नसेल ना?"

प्रश्न दोन, तेही साधे. ज्याची तीस-पस्तीस वर्षं सर्किट बोर्डांत गेली त्याला उत्तर द्यायला कितीसा वेळ लागणार? पण मी घुटमळलो. "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि कपाटातला जुना डबा काढला. त्यात एक निळी टिकली आहे. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, दोन तारांची, मधोमध तडकलेली, अर्धी काळी पडलेली. २००३ सालापासून ती माझ्याकडे आहे. घरच्यांना ती गोष्ट अर्धीच माहीत आहे. आज पूर्ण सांगतो. पण ती कळायला थोडा इतिहास लागेल, तेव्हा जरा धीर धरा मंडळी.

औषध श्वासावाटे घ्यायची कल्पना फार जुनी. प्लिमथच्या जॉन मज नावाच्या डॉक्टरने १७७८ साली बिअर प्यायच्या कथलाच्या पेल्याला झाकण आणि नळी बसवली आणि त्याला 'इन्हेलर' हे नाव दिलं. १८०२च्या सुमारास आपल्याकडचा धोतरा मद्रासहून इंग्लंडात पोचला. दम्यावर त्याचा धूर ओढायची इथली पद्धत तिथल्या डॉक्टरांनी उचलली. (धोतरा विषारी आहे, कुणी करून बघू नका!) पॅरिसच्या साल-जिराँ यांनी १८५८ साली हातपंपाने पाण्याचे तुषार करणारं, उचलून नेता येईल असं यंत्र केलं. १८६४ साली जर्मनीत सीगलने तेच काम वाफेच्या जोरावर केलं. यातल्या कशालाच वीज लागत नव्हती. त्यामुळे वीज जास्त आली तर काय, हा प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न ज्या शोधातून पुढे आला, तो १८८०चा. पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी हे दोघे भाऊ स्फटिकांवर प्रयोग करत होते. पिएर तेव्हा २१ वर्षांचा, मेरी त्याच्या आयुष्यात यायला अजून बराच अवकाश. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो, असं त्यांना दिसलं. तुरमली, क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल सॉल्ट, आणि आम्हा सांगलीकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे उसाची साखर! आमच्या गावाकडे ज्याची पोती भरून निघतात, त्या साखरेच्या कणातही हा गुण आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

पुढच्याच वर्षी, १८८१ साली, गाब्रिएल लिपमनने गणिताने दाखवलं की याचं उलटंही खरं असलं पाहिजे. दाबल्यावर वीज देणाऱ्या स्फटिकाला वीज दिली तर तो आकार बदलेल. क्युरी बंधूंनी ते लगेच करून पाहिलं, आणि खरं निघालं.

हे समजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. गॅस पेटवायचा खटखट लायटर असतो ना, त्यात बॅटरी नसते. आत एक छोटा हातोडा तशाच जातीच्या सिरॅमिकवर आपटतो आणि हजारो व्होल्ट तयार होऊन ठिणगी पडते. हा झाला क्युरींचा परिणाम. वाफेच्या मशीनमध्ये लिपमनचा परिणाम. तिथे सिरॅमिकच्या चकतीला वीज देतात, ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि वरच्या पाण्याचं धुकं होतं. आपण वाफ म्हणतो, पण ती गरम नसते. लायटर आणि मशीन म्हणजे एकाच गल्लीची दोन टोकं. गल्लीतून दोन्ही बाजूंनी जाता येतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पाण्याचं धुकं होतं हे कळायला मात्र पुन्हा चाळीसेक वर्षं गेली. पिएर क्युरीचा शिष्य पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झ पाण्याखाली वाजवलं. त्यावरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेत रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांनी तेलात ठेवलेल्या क्वार्ट्झच्या चकतीला हजारो व्होल्ट दिले. १९२७ साली त्यांनी ते प्रयोग प्रसिद्ध केले. तेलाचा पृष्ठभाग डोंगरासारखा वर उचलला जाऊन थेंब उडत होते. पाण्यातले छोटे मासे आणि बेडूक त्या कंपनांनी मेले. माणसाला श्वास देणाऱ्या यंत्राचा हा पूर्वज असेल असं ते पाहून कुणाला वाटलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट आणि १९५०च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटनेट ही सिरॅमिक आली. क्वार्ट्झपेक्षा स्वस्त, हवा तो आकार देता येणारी आणि कमी व्होल्टवर जोरात हलणारी. १९६०च्या दशकात अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर दवाखान्यांत दिसू लागले. १९६२ साली आर. जे. लँग यांनी कंपनांच्या वेगावरून थेंबाचा आकार काढायचं सूत्र दिलं. सेकंदाला १७ लाख कंपनांना पाण्याचा थेंब साधारण ३ मायक्रॉनचा येतो. फुप्फुसात खोलवर पोचायला १ ते ५ मायक्रॉन हवेत, म्हणजे बरोब्बर मधला.

अण्णांकडे होतं ते याच जातीचं. मामेभावाने आणून दिलेलं, टेबलावर ठेवायचं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं.

आता दुसरा धागा. ही चकती हलवायला ऑसिलेटर लागतो, त्यात ट्रान्झिस्टर असतो, आणि ट्रान्झिस्टर फार हळवा. मर्यादेपेक्षा जास्त व्होल्ट एका सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका वेळ जरी मिळाले तरी तो जाऊ शकतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओने असे धक्के बरेचसे पचवले असते. यंत्र लहान आणि हुशार झालं तसं नाजूकही झालं, म्हणून त्याला राखणदार लागला.

राखणदारांचा इतिहास दवाखान्यातला नाही, तारांच्या खांबावरचा आहे. टेलिग्राफच्या तारांवर वीज कोसळली की यंत्रं जळत. म्हणून यंत्राच्या आधी दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ पण न टेकता बसवत. नेहमीच्या व्होल्टला ती फट ओलांडता येत नसे. वीज पडली की ती फट उडी मारून ओलांडे आणि जमिनीत जाई. १९३०च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने सिलिकॉन कार्बाइडची 'थायराइट' नावाची वस्तू काढली. व्होल्ट वाढले की तिचा रोध आपोआप कमी होई. १९३४ साली क्लॅरेन्स झेनर यांनी विद्युतरोधक पदार्थ तीव्र विद्युतक्षेत्रात का हार मानतात याचा सिद्धान्त मांडला. पुढे बेल लॅब्जमध्ये शॉकलीने त्यांचं नाव एका डायोडला दिलं. गंमत अशी की आपण झेनर म्हणून वापरतो त्यांतले सहा-सात व्होल्टच्या वरचे डायोड झेनरने सांगितलेल्या कारणाने चालतच नाहीत, त्यामागची क्रिया वेगळी. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

आणि मग १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडची चकती केली. झिंक ऑक्साइड म्हणजे लहान बाळाला लावायच्या मलमात असतं तेच. वैद्यांचं यशद भस्मही मुख्यतः तेच. त्यात थोडं बिस्मथ वगैरे मिसळून भट्टीत भाजलं की कणांच्या मध्ये बारीक बारीक भिंती तयार होतात. नेहमीच्या व्होल्टला त्या भिंती वीज अडवतात, ठरावीक मर्यादा ओलांडली की वाट देतात, आणि धक्का गेला की पुन्हा मिटतात. फटीला जे ठिणगी पाडून जमायचं, ते ही टिकली गुपचूप करते. तिला मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर म्हणतात, आमच्या धंद्यात एमओव्ही. बहुतेक वेळा रंग निळा.

अण्णांच्या मशीनमध्ये, प्लगमधून आलेल्या दोन तारांच्या मध्ये, अशी एक टिकली होती. तिच्या आधी काचेचा एक फ्यूज. मशीनची किंमत हजारांत, या दोघांची मिळून पाच-दहा रुपये.

२००३च्या मे महिन्यात मी सुट्टीला गावी होतो. एका संध्याकाळी वळीव आला, जवळच कुठेतरी वीज पडली आणि मशीन बंद झालं. मी उघडून पाहिलं. फ्यूज उडालेला, बाकी सगळं शाबूत. गावातल्या दुकानात तसा फ्यूज नव्हता. रात्री अण्णांना मशीन लागणार होतं. मग मी काय केलं? वायरीतली तांब्याची एक तार काढली आणि फ्यूजच्या दोन्ही टोकांना गुंडाळली. मशीन सुरू झालं. आई म्हणाली, "इंजिनिअर पोरगा असल्याचा हा फायदा." मी म्हणालो, "पुण्याहून फ्यूज आणतो आणि पुढच्या खेपेला घालतो."

पुढच्या खेपेला विसरलो.

जून संपता संपता एका रात्री आईचा फोन आला. तिने सांगितलं ते असं. अण्णा मास्क लावून बसले होते. ट्यूब एकदम पांढरीफटक झाली, पंखा विमानासारखा फिरायला लागला, शेजारच्या खोलीतला बल्ब फुटला. आणि मशीनमधून धूर निघाला. ज्याला श्वास पुरत नव्हता त्याच्या नाकाशी जळक्या प्लॅस्टिकचा धूर. आईने प्लग ओढला, खिडक्या उघडल्या. फळीवर डॉक्टरांनी दिलेला पंप होता. पंपाची सवय लागते या समजुतीने अण्णा तो वापरायचे नाहीत, त्या रात्री वापरला. शेजाऱ्यांनी जीप काढली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पहाटे श्वास सुरळीत झाला.

दुसऱ्या दिवशी गावी पोचून आधी खांबाखाली उभ्या वायरमनला विचारलं. न्यूट्रल तुटली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबावरून तीन फेज येतात आणि परतीची एक सामाईक तार, ती न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये मात्र ४००. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडली जातात आणि ते ४०० आपसात वाटून घेतात. वाटणी समान नसते. ज्या घरात मोटर, फ्रिज असं बरंच काही चालू असतं त्याच्या वाट्याला कमी व्होल्ट, आणि जिथे एक ट्यूब, एक पंखा आणि एक छोटं मशीन चालू असतं त्याच्या वाट्याला जास्त. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं.

मग मशीन उघडलं. निळी टिकली तडकून काळी झाली होती. खालचा बोर्ड जळून त्याला भोक पडलं होतं. माझी तांब्याची तार मात्र जशीच्या तशी, चकचकीत.

आता हिशोब बघा. ही टिकली बनली आहे ती क्षणभराच्या धक्क्यासाठी. वैद्यकीय उपकरणांच्या चाचणीत वापरतात तो धक्का १९९५च्या आयईसी ६१०००-४-५ या मानकात लिहिलेला आहे. १.२ मायक्रोसेकंदात चढणारा आणि ५० मायक्रोसेकंदांत अर्ध्यावर येणारा. विजेच्या दोन तारांमध्ये असा १,००० व्होल्टचा धक्का सोसून यंत्र चालू राहिलं पाहिजे, अशी अपेक्षा. टिकली तो सहज गिळते. पण न्यूट्रल तुटल्यावरचा चढा व्होल्टेज मिनिटंच्या मिनिटं, कधी तासभर राहतो. सेकंदाला शंभर वेळा टिकली वाट देते, तापते, आणि शेवटी आतून जोडली जाऊन शॉर्ट होते. हेही बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. टिकली शॉर्ट झाली की प्रवाह वाढतो, फ्यूज उडतो, यंत्र बंद पडतं आणि बोर्ड वाचतो. टिकली आणि फ्यूज ही जोडी आहे. एकीने मरायचं आणि दुसऱ्याने दार लावायचं. मी दाराला पाचर मारून ठेवली होती.

मेमध्ये फ्यूज उडाला तेव्हा त्या जोडीने आपलं काम चोख केलं होतं. टिकलीने विजेचा धक्का खाल्ला, त्या लोंढ्यात फ्यूज गेला, पुढचं सगळं वाचलं. असे मोठे धक्के खाऊन टिकली थकते. तेव्हाच दोन्ही बदलायला हवे होते. फ्यूज असता तर जूनच्या त्या रात्री मशीन नुसतं बंद पडलं असतं. धूर झाला नसता.

गावात सगळ्यांनी विजेला शिव्या घातल्या, मीही घातल्या. तारेची गोष्ट मी फक्त अण्णांना सांगितली, दोन दिवसांनी. ते शाळामास्तर, रागावतील असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, तो फ्यूज तुला काहीतरी सांगत होता. तू त्याचं तोंड बांधलंस." एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. २००९ साली ते गेले, वेगळ्या कारणाने. आईला आणि भावंडांना मी आजवर 'लाइनचा फॉल्ट होता' एवढंच सांगत आलोय.

आता बहिणीच्या प्रश्नांकडे. मधल्या काळात ही यंत्रं बदलली. नव्या यंत्रात हजारो सूक्ष्म भोकांची जाळी असते आणि सिरॅमिकची कडी तिला सेकंदाला लाखभर वेळा हलवते. यंत्र छोट्या बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालतं. खांबावरची न्यूट्रल आता चार्जरच्या पलीकडे राहिली. पण धोके संपले नाहीत, आत आले. बॅटरीच्या तीन-चार व्होल्टवर कडी पुरेशी हलत नाही, म्हणून आत एक कॉइल व्होल्ट वाढवते. कॉइलमधला प्रवाह तोडला की ती उसळी मारते, हे जोसेफ हेन्रीने १८३२ सालीच लिहून ठेवलंय. चालू असताना कडीची जोडणी निसटली तर ते वाढवलेले व्होल्ट कुठे जाणार? त्यांना आवर घालायला पुन्हा राखणदार लागतो.

आणि आपटणं! गल्लीतून दोन्ही बाजूंनी जाता येतं म्हणालो होतो, ते इथे. मशीन फरशीवर आपटलं की ती सिरॅमिकची कडी क्षणभर गॅसचा लायटर होते. दाबली जाते आणि स्वतःच वीज सोडते, उलट्या दिशेने, ज्या चिपने तिला हलवायचं त्या चिपवर. चिपला सोसतात चार-पाच व्होल्ट, कडी देऊ शकते त्याच्या कितीतरी पट. म्हणून चांगल्या बोर्डवर कडीच्या दोन टोकांमध्ये एखादा रोध किंवा पाठीला पाठ लावलेले दोन झेनर असतात. असला भार ते तिथल्या तिथे जिरवतात. खसखशीएवढे भाग. १८८०चा शोध आणि १९३४च्या माणसाचं नाव, दोन्ही पोराच्या मुठीतल्या त्या मशीनमध्ये शेजारी शेजारी बसलेले आहेत.

तर बाई गं, ऐक. चार्जर ५ व्होल्टचा लागतो. नीट बनवलेला मोबाइलचा फास्ट चार्जर ९ किंवा १२ व्होल्ट तेव्हाच देतो, जेव्हा समोरचं यंत्र मागतं. न मागितल्यास ५च. पण रस्त्यावरचा स्वस्त चार्जर हा नियम पाळेलच असं नाही. म्हणून कंपनीने सांगितलेलाच घे, दोन-चारशे रुपयांकडे बघू नकोस. आपटलेलं मशीन चालू होतंय म्हणजे राखणदारांनी बहुधा काम केलंय, पण जाळीला किंवा कडीला तडा गेलेला बाहेरून दिसत नाही. धुकं पहिल्यासारखं दाट येतंय का, औषध संपायला जास्त वेळ लागतोय का ते बघ आणि एकदा दुरुस्तीवाल्याकडे दाखव. मध्येच आपोआप बंद पडलं तर युक्त्या करू नका.

आणि तिसरी गोष्ट, तू विचारली नाहीस ती. १९५५ साली अमेरिकेत दम्याच्या एका तेरा वर्षांच्या मुलीने बापाला विचारलं होतं की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का नाही मिळत? बाप जॉर्ज मेझन, राइकर या औषध कंपनीचा प्रमुख. १९५६ साली दाबून फवारायचा पंप बाजारात आला. त्याला ना तार, ना बॅटरी, ना निळी टिकली. लहान मुलांना तो मास्क आणि स्पेसर लावून देता येतो. डॉक्टरांना विचारून तो घरात ठेव आणि कसा द्यायचा ते सूनबाईला आधीच शिकवून ठेव. त्या रात्री अण्णांना तारलं ते आईने फळीवरून काढलेल्या पंपाने आणि शेजाऱ्यांच्या जीपने. माझ्या इंजिनिअरिंगने नाही.

बाकी, आईला हे आता सांगता येणार नाही. तुम्हा भावंडांना सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. टिकली डब्यात परत ठेवली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन.